तेविसाव्या टेपची दुसरी बाजू

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास ओलेटा पर्सेलनं तेविसावी टेप उलटी करून मशीनमध्ये घातली. कोर्टाला सुट्टी होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाइपरायटर, बाजूला कॉफी, कानांवर हेडफोन आणि पायाखाली ते पेडल, जे दाबलं की माणूस बोलतो आणि पाय उचलला की अर्ध्या शब्दावर गप्प होतो. पिट्सबर्गच्या कोर्टात तिनं सव्वीस वर्षं लघुलेखनिक म्हणून काढली होती. खुनाचे खटले, फारकतीचे खटले, रडणाऱ्या आया, खोटं बोलणारे पोलीस, सगळे तिच्या बोटांतून कागदावर उतरले होते आणि मनात फारसं काही साचलं नव्हतं. ऐकायचं ते लिहायचं, लिहायचं ते सगळं लिहायचं, एवढाच तिचा धर्म. म्हणूनच हिल या काळ्यांच्या वस्तीतल्या जुन्या वादकांच्या मंडळानं आठवणी टेप करायचं ठरवलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, रॉस्कोच्या पोरीला द्या हे काम, ती एक अक्षर गाळायची नाही. वादक एकामागून एक जात होते. खालचा हिल तर कधीच पाडून झाला होता. ज्या क्लबांत ते वाजवत त्यांच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात. उरलं होतं ते यांच्या घशात. दोन वर्षांत ओलेटानं बावीस जणांना बोलतं केलं होतं. तेविसावे होते क्लोव्हिस पीबल्स, ड्रमवाले, वय अठ्ठ्याहत्तर.

हेडफोनमध्ये ते नौदलाच्या बँडची हकिगत सांगत होते. आवाज खरखरीत, मधूनच हसू. मग तिचा स्वतःचा आवाज आला, जरा जास्तच गोड, लोकांच्या घरी गेल्यावर होतो तसा. "मिस्टर पीबल्स, एक मिनिट हं. ही टेप संपत आलीय. दुसरी गाडीत राहिली, घेऊन येते." खुर्ची सरकली, दार वाजलं, बाहेरच्या पायऱ्यांवर तिचे बूट उतरत उतरत लांब गेले. त्यांचं घर रस्त्यापासून अडतीस पायऱ्या वर आहे. मशीन बंद करायला ती विसरली होती. आता काहीच नसणार, टेप पुढं सरकवावी, असं तिच्या मनात आलं, पण न ऐकता पुढं जायची तिला सवय नव्हती. फ्रिजची घरघर ऐकू येत राहिली. आणि मग क्लोव्हिस पीबल्स म्हणाले, "तिला माहीत नाही."

"हळू बोल." त्यांच्या बायकोचा, जिला सगळे आदरानं मिस अर्नेस्टीन म्हणत तिचा आवाज, आतल्या खोलीतून जवळ येणारा.

"गाडीपाशी गेलीये ती. मी काय म्हणतो, सांगून टाकू का?"

"तीस वर्षांनी? तिनं विचारलंय का? नाही ना? मग तू आपला नौदलाचं सांग."

"तोंड बघितलंस तिचं? रॉस्कोचं तोंड आहे. तोच समोर बसून विचारतोय असं वाटतं मला. हात किती जणांनी वर केला होता, मला माहितीय. तो कागद कुणी लावला, तेही माहितीय."

"क्लोव्हिस. बिस्किटं खा."

पुढं बराच वेळ फक्त फ्रिज. मग पायऱ्यांवर बूट, दार, आणि धापा टाकणारी ओलेटा: "सापडली. कुठं होतो आपण?" "कुठं होतो," क्लोव्हिस म्हणाले, "हां, नौदलात."

तिची बोटं थांबली नव्हती. स्टेनोची बोटं मनाला विचारत नाहीत. समोरच्या कागदावर सगळं टाइप झालेलं होतं, आणि ते वाचताना 'तिला' म्हणजे कुणाला हे समजायला तिला एक क्षण लागला. तो क्षण फार विचित्र होता. कोर्टात आपण लिहीत बसलो आहोत आणि साक्षीदारानं सहज आपल्याकडं बोट दाखवावं, तसा. तिनं पेडल सोडलं. स्वयंपाकघर होतं तसंच होतं. खिडकीत ऊन, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. कॉफीवर साय धरली होती. तिनं टेप मागं नेऊन पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि चौथ्या वेळी तिला शब्द ऐकू येईनासे झाले, फक्त स्वतःचे बूट ऐकू यायला लागले. किती निर्धास्त पावलं होती ती.

वडील वारले तेव्हा ती वीस वर्षांची होती. रॉस्को पर्सेल, उंच, किडकिडीत, त्यांच्याहूनही उंच बास उभ्यानं मिठीत धरून वाजवणारे. घरात ते वाद्य पाहुण्यासारखं कोपऱ्यात उभं असे आणि लहानपणी ती अंधारात त्याला घाबरायची. वडील काळ्या वादकांच्या युनियनचे चिटणीस होते. काळ्यांची वेगळी, गोऱ्यांची वेगळी, अशा दोन युनियन होत्या तेव्हा. ती सतरा वर्षांची असताना दोन्ही एक झाल्या, आणि त्याच हिवाळ्यात वडिलांनी वाजवणं सोडलं. आई म्हणाली, बोटं गेली त्यांची, संधिवात. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये त्यांना लिफ्ट चालवायचं काम मिळालं. संध्याकाळी ते युनिफॉर्म न काढता खुर्चीत बसत आणि ओलेटा त्यांच्या पायाशी बसून बोटांना कापराचं मलम चोळी. एकेक बोट, मुळापासून नखापर्यंत. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना घट्टे होते, लाकडासारखे. ते घट्टे हळूहळू मऊ होत गेले आणि तिला वाटलं, मलमाचा गुण येतोय. तिनं तसं सांगितलंही होतं, आनंदानं. वडील म्हणाले होते, "हो गं, बरं वाटतंय." अडीच वर्षं ती मलम चोळत होती. आता टेबलाशी बसून तिनं स्वतःची बोटं मिटली, उघडली. वडिलांची बोटं कधी सुजलेली नव्हती. कधी वाकडी झाली नव्हती. लिफ्टचा जड दांडा ती दिवसभर ओढत होती. हे तिला आत्ता, सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका टेपवरच्या फ्रिजच्या घरघरीमागोमाग समजलं, आणि ते इतकं उघड होतं की तिला स्वतःची लाज वाटली. निरोगी बोटं त्यांनी रोज तिच्या हातात दिली होती. तिच्यासाठी? की दिवसात एकदा तरी कुणी तो हात हातात घ्यावा म्हणून?

पुढचा आठवडा तिचा कोर्टात गेला, पण ती कोर्टात नव्हती. घरी आल्याबरोबर ती जुन्या टेप काढी. बावीस माणसं. प्रत्येकाला तिनं वडिलांविषयी विचारलं होतं, शेवटी, लाडानं, स्वतःसाठी म्हणून. आणि प्रत्येकानं सांगितलं होतं, रॉस्को? फार सभ्य माणूस. तेव्हा तिला भरून आलं होतं. आता ती उत्तराच्या आधीचा भाग ऐकत होती. सॅक्सोफोनवाला डेल्मर घसा खाकरतो, मग म्हणतो, फार सभ्य माणूस. ट्रॉम्बोनवाला, आता हयात नाही, लायटर तीनदा पेटवतो, पेटत नाही, मग तेच. एकजण तर उलट विचारतो, "तुझी आई कशी आहे गं?" आई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ओलेटाला आठवलं, कुणी तिला नाही म्हटलं नव्हतं. फोन केला की लगेच, ये, कधी येतेस, केक करून ठेवते बायको. रॉस्कोची मुलगी म्हणून मान देतात, असं ती मंडळात अभिमानानं सांगायची. त्या बावीस खोल्या, उशा, फुलदाण्या, भिंतींवरचे बँडचे फोटो, आणि प्रत्येक खोलीत तिच्याकडं बघणारा एक म्हातारा, जो तिच्याकडं बघतच नव्हता. ती आपल्या चेहऱ्यातून दुसऱ्या कुणालातरी घरोघर घेऊन फिरली होती. आरशासमोर दात घासताना तिनं मान वर केली नाही.

रविवारी, चर्च सुटल्यावर, तिनं त्या अडतीस पायऱ्या चढल्या. फोन केला नव्हता. दार मिस अर्नेस्टीननं उघडलं, डोक्यावर अजून चर्चची निळी टोपी, हात ओले. तिनं ओलेटाकडं पाहिलं, हातातल्या मशीनकडं पाहिलं, आणि म्हणाली की क्लोव्हिसना बरं नाही, झोपलेत. आतून क्लोव्हिसनी ओरडून विचारलं, कोण आलंय. ओलेटा आत गेली. ते खिडकीशी बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र. तिनं फार बोलायचं ठरवलं नव्हतं. मशीन टेबलावर ठेवलं, वायर लावली, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि सांगितलं की मागच्या वेळी ती खाली गेली तेव्हा टेप चालूच राहिली होती.

क्लोव्हिस पीबल्सनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली. "म्हणजे ऐकलंस," ते म्हणाले.

"टाइप पण झालंय."

ते हसले, पण चेहरा हसला नाही. मिस अर्नेस्टीन दारातच उभी होती. ती म्हणाली, मेलेली माणसं आहेत त्यात, त्यांची मुलं इथंच राहतात, एका चर्चला जातो आपण. ओलेटानं तिच्याकडं न पाहता विचारलं, "मिस्टर पीबल्स, किती जणांनी हात वर केला?"

त्यांनी सांगितलं. एकदा सुरू केल्यावर ते सरळ सांगत गेले, जणू रोज मनाशी म्हणत आले होते. युनियनच्या क्लबात वरच्या मजल्यावर सभा झाली होती. गोऱ्यांच्या युनियनशी एक व्हायचं की नाही? एक झालो तर शहरातली मोठी हॉटेलं आपल्याला खुली होणार, असं सांगितलं जात होतं. एकसष्ट माणसं हजर होती. रॉस्को उठून म्हणाला होता, की आपला क्लब जाईल, आपली यादी जाईल, कुणाला कुठलं काम द्यायचं ते दुसरेच ठरवतील. त्याला हसले लोक. कुणीतरी म्हणालं, बास वाजवून वाजवून हा बासासारखाच जड झालाय. अठ्ठावन्न हात वर गेले. क्लोव्हिस रॉस्कोच्या शेजारी बसले होते, त्यांचाही हात वर होता. रॉस्कोचे दोन्ही हात मांडीवर होते. अध्यक्ष त्या महिन्यात इस्पितळात होते, म्हणून गोऱ्यांच्या युनियनला गेलेल्या होकाराच्या पत्रावर सही चिटणिसानं केली. रॉस्कोनं. सभेनं ठरवलं ते लिहायचं आणि सही करायची, त्याचं काम होतं, त्यानं केलं.

आणि मग तो म्हणाला होता तसंच झालं. क्लब गेला. बार गेला, पियानो गेला, पत्त्यांचं टेबल गेलं, वादक दुपारी जिथं एकमेकांना भेटत ती जागाच गेली. हॉटेलांतून बोलावणी आली नाहीत. माणसं घरी बसली, रंगकाम करायला लागली, दारू प्यायला लागली. "कुणीतरी लागतं गं अशा वेळी," क्लोव्हिस म्हणाले. "आपणच आपलं घर मोडलं, असं रोज उठून कसं म्हणणार? त्या पत्राची एक प्रत माझ्याकडं होती. खाली एकच नाव. मी ती न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी लावली. काही लिहिलं नाही वर. लिहायची गरजच नव्हती."

ओलेटानं विचारलं, वडिलांनी ती पाहिली का. पाहिली, क्लोव्हिस म्हणाले. तिसऱ्या दिवशी केस कापायला आले. दुकान भरलेलं होतं. रॉस्कोनी कागद पाहिला, खाली आपली सही पाहिली, टोपी काढली आणि आपला नंबर यायची वाट बघत बसले. नंबर आल्यावर त्या आरशासमोर बसून न्हाव्याला म्हणाले, बाजूनं थोडे कमी कर. बस्स. त्यानंतर कुणी त्यांना कामाला बोलावलं नाही. ठरवून नाही, कुणी कुणाला सांगितलंही नाही. बास हवा असला की लोकांना दुसरं नाव सुचायचं.

"ते बोलले का नाहीत?" ओलेटाचा आवाज तिला स्वतःला लांबून ऐकू आला. "मी विरोध केला होता, एवढंच."

"चिटणीस होता. त्याचा नियम होता, हात मोजायचे, नावं लिहायची नाहीत. मी वाट बघत होतो. रोज वाट बघितली, आज बोलेल, आज भांडेल. बोलला असता तर मला त्याचा राग तरी करता आला असता. अंत्ययात्रेला मी मागच्या बाकावर होतो. तू काळी हॅट घातली होतीस, मोठी, तुझ्या आईची असणार." ते थांबले. मग म्हणाले, "माफी मागत नाही मी. तुझ्याकडं मागून उपयोग नाही आणि ज्याच्याकडं मागायची तो गेला. पण एक विचार मला. कुणी विचारलंच नाही तीस वर्षांत."

"काय?"

"तो वाजवायचा कसा, ते."

तिनं विचारलं. बावीस जणांना वडिलांविषयी विचारताना हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. क्लोव्हिसनी खिडकीच्या पट्टीवर दोन्ही हातांची बोटं ठेवली आणि वाजवायला लागले. आधी अगदी हळू. नखांनी, मग बोटांच्या पोटानं, मग अंगठ्याच्या मुळानं. त्यात जागा होत्या, बासासाठी सोडलेल्या. ताल पुढं जायचा आणि मधेच कुणाला तरी वाट करून दिल्यासारखा बाजूला सरायचा, आणि पुन्हा यायचा. म्हाताऱ्याची मान त्या मोकळ्या जागांवर हलत होती, वाजवलेल्यावर नाही. डोळे मिटलेले होते. एकदा ते चक्क हसले, कुणीतरी खोडी काढावी तसे. ओलेटा कान देऊन बसली. तिला ते हवं होतं. पण त्या जागांत तिला काहीच ऐकू आलं नाही. लाकडावरची बोटं, फ्रिज, रस्त्यावरून चढणारी बस. तिच्या वडिलांचा आवाज त्या खोलीत होता आणि तो फक्त त्यांना वाळीत टाकणाऱ्या माणसाला ऐकू येत होता. राग आला तो त्याचाच आला, कागदाचा नंतर. तिनं टेप संपेपर्यंत काही केलं नाही. टेप संपली, बटण टक्‌कन वर आलं, आणि क्लोव्हिस त्यानंतरही वाजवत होते.

मिस अर्नेस्टीन तिला पोचवायला पायऱ्यांपर्यंत आली. वाऱ्यानं टोपी उडेल म्हणून एक हात डोक्यावर. कठड्यापाशी ती म्हणाली, "पोरी, ते काढून टाक. ऐकलंस, मिळालं तुला, आता पुरे. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. काही झालं तर शवपेटी उचलणारे हेच सगळे आहेत."

ओलेटा म्हणाली की ती गाळणार नाही. क्लोव्हिस जे बोलले ते, बोटं वाजवली ते, आणि तिच्या पाठीमागं दोघं बोलले तेही. नावांसकट जाईल, मिस अर्नेस्टीनच्याही नावासकट. "बाबांनी नावं लिहिली नाहीत, मिस अर्नेस्टीन. त्यांनी ठरवलं ते त्यांचं. मी त्यांची मुलगी आहे, पण चिटणीस नाही." म्हातारीनं काहीतरी कडक बोलावं म्हणून ती थांबली. मिस अर्नेस्टीन खाली रस्त्याकडं बघत होती. चर्चमधून उशिरा निघालेली दोन माणसं चढ चढत होती, त्यांनी हात हलवला, तिनंही हलवला.

"दोन वर्षं तू या घरांतून फिरतेयस," ती म्हणाली. "कुणाच्या बायकोला एक प्रश्न विचारलास? केक खाल्लास आमचा. वादकांना विचारतेस. वाजवलं त्यांनी, पण बोलणं कुठं झालं सगळं? माझं केसांचं दुकान होतं, न्हाव्याच्या भिंतीला भिंत लागून. त्या कागदाच्या चिकटपट्ट्या मी कापून दिल्या. चार. माझ्या कात्रीनं."

ओलेटानं हातातलं मशीन पायरीवर ठेवलं.

"दुसरी टेप आहे ना तुझ्याकडं? या वेळी गाडीत नाही ना राहिली?"

टेप पर्समध्ये होती. मशीनमध्ये बॅटऱ्या होत्या. ओलेटा वरच्या पायरीवर बसली, मिस अर्नेस्टीन तिच्या शेजारी, चर्चचा स्कर्ट गुडघ्यांखाली नीट ओढून घेत. टेप फिरायला लागली. ओलेटानं दर वेळी सांगायची तशी तारीख सांगितली, ठिकाण सांगितलं आणि नाव विचारलं.

"अर्नेस्टीन व्हिटलो पीबल्स. वय शहात्तर. वाजवत काही नाही." ती थांबली, घसा साफ केला. "हॅटी पर्सेल माझी मैत्रीण होती. दर शुक्रवारी केस करून घ्यायला यायची. तो कागद लागला त्या आठवड्यात पण आली. दुकानात बायका होत्या आणि त्या सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी हॅटीला म्हणाले, बस जरा. मग तिच्यानंतर आलेलीला खुर्चीवर घेतलं. मग तिच्यानंतरच्या बाईला. हॅटी दोन तास बसली होती. तुझी आई कशी बसली होती, ते सांगते तुला."